इस्काला काय चालत नाही

देलिया सुमागायसाय जीपनीतून, म्हणजे तिथल्या लांबट प्रवासी जीपमधून, उतरली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे कुरकुरत होते. इलोइलो शहरातून किनाऱ्याकिनाऱ्याने आलेला रस्ता, डोक्यावर तापलेला पत्रा, पायाशी कुणाचीतरी कोंबड्यांची टोपली. शाळेच्या फाटकावर तिच्या स्वागताचा कागदी फलक होता, त्यावर कुणीतरी हौसेने एक केस सोडलेली मुलगी काढली होती. मुलीला डोळे नव्हते. देलियाने त्या चित्राकडे बघितलं आणि तिला फक्त एवढंच वाटलं, की कुठेतरी बसायला मिळालं तर बरं.

वीसेक वर्षं ती मुलांसाठी भुतांची पुस्तकं लिहीत होती. काळं मुखपृष्ठ, पातळ कागद, मालिकेचं नाव ‘शेवटचं बाक’. मुलं ती गणिताच्या पुस्तकात लपवून वाचायची. सुरुवातीच्या काळात लिहिताना देलियाला स्वतःलाच भीती वाटायची. पाठ भिंतीला टेकवल्याशिवाय ती लिहायला बसत नसे. आता मासा साफ करावा तसं ती भूत उरकायची. पोट फाडायचं, आतलं काढायचं, मीठ लावून ठेवायचं. पुढचं पुस्तक नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणाआधी हवंच, असं मनिलाहून प्रकाशक सारखा सांगत होता. ती ‘बरं’ म्हणायची आणि फोन उपडा ठेवायची.

मुख्याध्यापिका सोलेदाद वयाने तिच्याएवढ्याच, अंगाने जाड, हातात सतत पंखा. त्यांनी देलियापुढे पान्सित शेवयांची बशी आणि शीतपेयाची बाटली ठेवली आणि सरळ विषयालाच हात घातला.

“मॅम, तुमची इस्का आमच्याकडे राहायला आलीय.”

“कोण?”

“इस्का! ‘तिसरं दार’मधली. तुम्हीच लिहिलीत ना?”

देलियाला आठवायला जरा वेळ लागला. शाळेच्या संडासातलं तिसरं दार. ते कुणीतरी आतून धरून ठेवतं. तुम्ही ढकललंत की उघडतं, तुम्ही आत जाता, आणि मग तुमचा गणवेश घालून दुसरंच कुणीतरी बाहेर येतं. तिने ते पुस्तक एका पावसाळ्यात, दाढदुखीच्या गोळ्या खात संपवलं होतं.

“पाचवी-सहावीच्या मुली संडासात जात नाहीत,” सोलेदाद म्हणाल्या. “सकाळपासून घरी जाईपर्यंत दाबून ठेवतात. एक मुलगी झेंड्यासमोरच चक्कर येऊन पडली. दोघींना ताप आला, डॉक्टर म्हणाले लघवीचा संसर्ग. पालक माझ्या अंगावर येतायत. फादरना बोलावलं, त्यांनी जपमाळ केली, पवित्र पाणी शिंपडलं, पुन्हा आपलं तेच. तालुक्याच्या ऑफिसातून साहेब येऊन बघून गेले. आता तुम्हीच काय ते करा. तुम्ही आणलीत, तुम्ही घालवा.”

“मी काय करू?”

“खोटं आहे म्हणून सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर ऐकतील. आणि आज दुपारी पालकांना बोलावलंय, त्यांनाही दोन शब्द सांगा.”

देलिया हो म्हणाली. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

पत्र्याखालच्या मैदानात मुली रांगेने बसल्या होत्या. देलियाने माईक हातात घेतला. इस्का नाही, कधी नव्हती, ती मी माझ्या स्वयंपाकघरात बसून रचली, शेजारी भात शिजत होता, असं तिने सांगितलं. भूत म्हणजे कागद आणि शाई. तुम्ही हुशार मुली आहात. मुलींनी छान ऐकून घेतलं. टाळ्याही वाजवल्या. मग सोलेदाद मॅमनी विचारलं, “चला, आता कोण जाऊन येतं?” एकही हात वर झाला नाही.

“लेखिकाबाई सांगतायत तरी?”

मागून एक बारीक आवाज आला, “त्यांना तिनेच सांगायला लावलं असेल.”

मुलींमध्ये कुजबुज पसरली. सोलेदादनी पंखा फटकन मिटला आणि सगळ्यांना वर्गात पिटाळलं.

देलिया पायरीवर बसून राहिली. हातात ती शीतपेयाची बाटली तशीच होती, न उघडलेली. तिच्या सरबराईला एक मुलगी ठेवली होती, सहावीतली, चेरमाई नावाची. काटकुळी, पण डोळे मोठे बिलंदर. देलियाने बाटली तिच्यापुढे धरली.

“घे, तू पी. मला गोड चालत नाही.”

“नको, तिता.” तिथे मुलं कुठल्याही मोठ्या बाईला तिता, म्हणजे मावशी, म्हणतात.

“आवडत नाही?”

“आवडतं.” चेरमाईने बाटलीकडे बघून आवंढा गिळला. “पण मग जावं लागतं.”

देलियाने तिच्याकडे नीट बघितलं. पोरीचे ओठ सुकून फाटले होते. “तू सकाळपासून काही प्यायली नाहीस?”

“सकाळी कॉफीत पाव बुडवून खाल्ला ना. बास होतं.”

त्या बोलण्याने देलियाला आपल्याच पोटाची आठवण झाली. एवढा लांबचा प्रवास आणि हे वय. ती उठली. “मला मात्र जावंच लागणार. कुठे आहे तुमचा संडास?”

“तुम्ही शिक्षकांच्याकडे जा ना, तिता. त्याला कुलूप आहे. किल्ली आणू?”

“किल्ली येईपर्यंत काही खरं नाही माझं. चल, दाखव.”

संडास शाळेच्या मागच्या अंगाला होता, केळीच्या झाडांच्या पलीकडे. तीन दारं. पहिल्या दोन्हींच्या आत बघून देलियाने नाक दाबलं आणि मागे फिरली. तिसरं त्यातल्या त्यात कोरडं होतं, बहुधा महिनाभर तिथे कुणी गेलंच नव्हतं. ती आत शिरली. कोपऱ्यात निळं पिंप, त्याच्या तळाला चिखलाची वाळलेली साय आणि एक मेलेलं झुरळ. नळ होता, पण त्याची तोटीच नव्हती. दार लोटून घेतलं तर ते पुन्हा आपणहून उघडलं. तिने कडी शोधली. कडीच्या जागी चार भोकं होती आणि गंजाचा डाग.

ती तशीच अवघडून बसली, एक हात पुढे ताणून, दार धरायला. हात पोचेना. दार करकरत उघडत चाललं, आणि मग मध्येच थांबलं. सावकाश मागे आलं आणि घट्ट बसलं. कुणीतरी ते धरलं होतं.

देलियाच्या मानेवर काटा आला. गेली कित्येक वर्षं असं काही झालं नव्हतं. ‘दार कुणीतरी धरून ठेवतं’ हे तिने स्वतःच लिहिलेलं वाक्य तिला लख्ख आठवलं, कारण ते वाक्य तेव्हा तिला आवडलं होतं. दारापलीकडे कुणाचातरी श्वास ऐकू येत होता.

“तिता,” बाहेरून आवाज आला, “मी धरलंय. तुम्ही निवांत बसा.”

देलियाने डोळे मिटले. छाती धडधडत होती आणि तिला हसूही येत होतं.

“चेरमाई, तू तर घाबरतेस ना इथे यायला?”

दाराची कड जरा हलली. मग, “तुम्ही मॅमना सांगणार का?”

“काय सांगणार?”

“ते आधी सांगा.”

“नाही सांगणार.”

चेरमाई दाराशी तोंड आणून भराभर बोलू लागली. आधी मुली जोडीने यायच्या. एक आत, एक दार धरून बाहेर. कारण दाराला कडी नाही आणि मुलगे येतात, दारावर लाथ घालतात आणि पळून जातात. दार उघडलं की सगळे हसतात. मग वर्गातल्या मॅमनी नियम केला, एका वेळी एकच मुलगी बाहेर जाणार, जोडीने जाऊन गप्पा छाटता म्हणून. मग दार कोण धरणार? आणि पाणी तर नव्हतंच. मुलींनी सांगितलं होतं. वर्गातल्या मॅमना सांगितलं, मोठ्या मॅमना सांगितलं, रोवेनाच्या आईने येऊन सांगितलं. सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

“मग तुमचं पुस्तक आलं वाचनालयात,” चेरमाई म्हणाली. “रोवेना म्हणाली, आपल्याकडेपण तिसरं दार आहे की. आम्ही नुसतं म्हटलं, इस्का दिसली. एवढंच. तर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांचे आईवडील आले! फादर आले. ऑफिसातले साहेब गाडीतून आले. तुम्हीपण आलात, इलोइलोहून! नळाचं सांगितलं होतं तेव्हा कुत्रंपण आलं नव्हतं, तिता.”

“आणि फादरांनी पाणी शिंपडलं.”

“हो. त्या संडासात आजवर आलेलं तेवढंच पाणी.”

देलियाला मोठ्याने हसू फुटलं आणि त्यात तिचा गुडघा कळवळला. “म्हणजे खोटंच बोललात तुम्ही.”

“तुम्हीपण खोटंच लिहिता ना?” चेरमाई म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, सरळ विचारत होती. “आता तुम्ही नाही नाही म्हणालात तर इस्का जाईल. मग परत कुणी येणार नाही.”

“पण ती चक्कर येऊन पडली ती?”

“ते खरं होतं. रोवेनाच ती. ती पाणीच पीत नाही ना.”

देलिया बाहेर आली तेव्हा चेरमाई दाराची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. देलियाने तिच्या हातावरून हात फिरवला. ती कित्येक दिवसांपासून दमलेली होती, पण हा थकवा वेगळा होता. असल्या साध्या गोष्टीसाठी एवढ्या पोरींना भुताला कामाला लावावं लागलं.

सोलेदाद मॅम ऑफिसात फाइलींच्या ढिगामागे बसून जेवत होत्या. देलिया समोरच्या खुर्चीत बसली.

“मॅम, मी तुमचा संडास बघून आले.”

सोलेदाद यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो परत ताटात ठेवला. “शिक्षकांचा?”

“मुलींचा.”

पंखा फिरत होता, वरचाही आणि हातातलाही. “त्या इस्काबद्दल तुम्हाला मी काही सांगायला हवं,” देलियाने सुरुवात केली, पण सोलेदादनी हात वर केला.

“नको, मॅम. खरं काय ते मला सांगू नका.” त्या हळू आवाजात बोलत होत्या. “खरं मी वर कळवून कळवून थकले. कडी नाही, तोटी नाही, पाणी नाही. दर वर्षी कळवते. एकदा माझ्या पगारातून कड्या बसवल्या, मुलांनी लाथा घालून महिन्यात उखडल्या. नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, दुसऱ्यांदा बसवायला माझ्याकडे पैसे नव्हते. त्या साहेबांना मी संडास दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘ते पुढच्या आराखड्यात बघू, आधी भुताचं काय ते बोला.’ कळलं? मी निवृत्तीला आले. आज पालक येणार आहेत, गावचा कप्तान येणार आहे. ते इस्कासाठी येणार आहेत. तुम्ही त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये बोलणार नाही.”

“मी आयुष्यात कधी पुस्तकाबाहेर गोष्ट रचली नाही, मॅम.”

“मी रोज रचते,” सोलेदाद म्हणाल्या. “जेवलात का तुम्ही?”

दुपारी मैदान भरलं. आया कडेवर लहान मुलं घेऊन, बाप टोप्या मांडीवर ठेवून. पुढे गावचा कप्तान, म्हणजे तिथला सरपंच, पोट सुटलेला, खुर्ची अपुरी पडत होती. मुली मागे उभ्या होत्या. चेरमाई आणि एक फिकट मुलगी, ती रोवेनाच असणार, एकमेकींचा हात धरून. सकाळी जसं सांगितलं तसंच देलिया सांगणार असं मुलींना वाटत होतं. देलियाने माईक घेतलाच नाही. ती खुर्चीवर बसली, कारण उभं राहवत नव्हतं, आणि तिच्या दमलेल्या आवाजामुळेच सगळे गप्प झाले.

“पुस्तकात सगळं लिहिता येत नाही,” ती म्हणाली. “पानं ठरलेली असतात. इस्का कोण होती ते मी लिहिलं नाही. आज सांगते.”

कप्तान पुढे झुकला.

“तुमच्या आज्यांच्या वेळची गोष्ट. इस्का अशीच एका शाळेत होती. एक दिवस ती संडासात एकटी गेली. दाराला कडी नव्हती. म्हणून ती हात पुढे ताणून दार धरून बसली. बाहेरून कुणीतरी लाथ मारली, तिने धरून ठेवलं. पुन्हा मारली, पुन्हा धरलं. मग घंटा झाली, शाळा सुटली, सगळे घरी गेले. लाथा थांबल्या हे तिला कुणी सांगितलंच नाही. ती धरूनच राहिली. अजून धरून आहे. आता तिचा तो हात फार लांब झालाय. आणि फार थकलाय.”

एका बाईने कडेवरचं मूल घट्ट धरलं.

“ती कुणाला मारत नाही. तिला फक्त हात बदलायचाय. ज्या ज्या दाराला कडी नाही त्या त्या दाराशी ती जाते. आत एखादी मुलगी एकटी बसलेली असते, हात ताणून. इस्का तिच्या हातावर आपला हात ठेवते. आणि मग त्या मुलीचा हात तिथेच राहतो, आणि इस्का गणवेश घालून वर्गात जाते. घरी जाते. आई भात वाढते. आईला काही कळत नाही. फक्त एवढंच, की मुलगी डाव्या हाताने जेवायला लागते. उजवा फार दुखत असतो ना.” देलियाने एकेका आईकडे बघितलं. “तुमची मुलगी काल कुठल्या हाताने जेवली, लक्षात आहे तुमच्या?”

आया मागे वळून आपापल्या मुली शोधू लागल्या. मग एक आई कापऱ्या आवाजात म्हणाली, “माझी तर डाव्यानेच जेवली!”

“अगं, ती जन्मापासून डावखुरी आहे!” तिचा नवरा खेकसला. पण तोही वळून मुलीकडे बघायला लागला.

“हिला घालवायची कशी?” कप्तानाने विचारलं. त्याचा आवाज जरा बसला होता.

“घालवता येत नाही. पण तिला काही गोष्टी चालत नाहीत. दाराला आतून कडी असली की तिथे हात लागतच नाही, मग तिला तिथे कामच उरत नाही. नळाला पाणी वाहत असलं तर ती येत नाही, आवाज सहन होत नाही तिला. आणि दोन मुली जोडीने असल्या, एक आत, एक बाहेर, की तिचा गोंधळ होतो. हात कुणाचा बदलायचा तेच तिला कळत नाही.”

सोलेदाद मॅम कोपऱ्यात उभ्या राहून पंख्याआडून बघत होत्या. मग मागच्या रांगेतला एक माणूस उठला, हातांवर वेल्डिंगचे डाग असलेला, आणि कुणालाही न विचारता संडासाकडे चालू लागला. जाता जाता तो खिशातून मोजपट्टी काढत होता. कप्तानाने घसा साफ केला आणि म्हणाला, माझ्या घरामागून पाइप जातो, तिथून ओढता येईल. लगेच तीन बाप उठून त्याच्याशी पाइपावरून वाद घालायला लागले.

देलियाला वाटलं, झालं एकदाचं. तिने पाय लांब केले. तेवढ्यात पहिलीतलं एक पोर हंबरडा फोडून रडायला लागलं. ते थांबेना. मग आणखी दोन. आणि मग देलियाच्या लक्षात आलं की चेरमाई तिच्या खुर्चीशी येऊन उभी आहे, आणि तिचा चेहरा पार उतरलाय.

“तिता, ते खोटं ना?”

“अगं, खोटंच. तूच तर…”

“पण मी सकाळी तुमच्यासाठी दार धरलं होतं. माझा उजवा हात दुखतोय.”

“अख्खा भार टाकून धरलं होतंस, दुखणारच. इस्का नाहीये, चेरमाई.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

चेरमाईने तिच्याकडे खूप वेळ बघितलं. “सकाळी पण तुम्ही माईकवर असंच म्हणाला होतात,” ती म्हणाली.

आज सकाळी ती खरं बोलली तेव्हा कुणी मानलं नाही, आणि आता खोटं बोलली तर ज्या पोरीला सगळं ठाऊक होतं तीही मानून बसली. तिने चेरमाईचा हात हळूहळू चोळला, मनगटापासून खांद्यापर्यंत आणि पुन्हा खाली. चेरमाईची आई मासळीबाजारातून येईपर्यंत ती तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिली. मधूनच चेरमाई उजव्या हाताची बोटं उघडझाप करून बघायची. आई आली तेव्हा तिने घाईघाईने विचारलं, “काय गं, काय झालं?” आणि चेरमाई म्हणाली, “काही नाही, हात आहे.”

पुढे त्या शाळेत काय झालं ते देलियाला फोनवरून कळत राहिलं. जोडीने जायची परवानगी दुसऱ्याच दिवशी मिळाली. कड्या शनिवारी बसल्या, आणि तिसऱ्या दाराला त्या वेल्डरने दोन बसवल्या. पाणी यायला नाताळ उजाडला, तेही फक्त सकाळचं, पण पिंप भरून ठेवता यायचं. रोवेनाचा ताप उतरला. मुलगे आता दारांवर लाथा घालत नव्हते, संडासाच्या बाजूला फिरकतच नव्हते. पण पहिलीतली काही मुलं आईला बाहेर उभी केल्याशिवाय घरच्या संडासातही जाईनात, आणि त्यांच्या आया देलियाच्या नावाने बोटं मोडायच्या. सोलेदाद मॅम हे सांगताना हसायच्या. देलियाला हसू यायचं नाही.

त्या दिवशी मात्र असं काही ठाऊक नव्हतं. ऊन कललं होतं. देलिया रस्त्याकडेच्या बाकावर जीपनीची वाट बघत बसली. सोलेदाद मॅम स्वतः तिथवर आल्या, हातात नारळीच्या पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या गुंडाळ्या. त्या धपकन शेजारी बसल्या. दोघींनी पानं सोलली, साखरेत बुडवून भात खाल्ला.

“तुम्ही रोज असं लोकांना घाबरवता,” सोलेदाद म्हणाल्या, “तुम्हाला स्वतःला भीती वाटते का हो कधी?”

“वाटायची बंद झाली होती. आज वाटली जराशी. दाराशी.” देलियाने बोटांना चिकटलेला भात चाटला. “बरं वाटलं, खरं सांगायचं तर.”

“आणि त्या पोरीचं?”

“त्या पोरीला मी घाबरवायला नको होतं.”

सोलेदादनी मांडीवरची सोललेली पानं गोळा केली. लांबून जीपनी येताना दिसली, माणसांनी लदलेली, मागे दोघं लोंबकळत होते. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि हाताने विचारलं, येताय का? देलियाला उठायचं होतं, पण गुडघे तयार नव्हते. तिने नको म्हणून मान हलवली. सोलेदाद मॅमनी दुसरी गुंडाळी सोलून तिच्या हातात दिली, आणि जीपनी धूळ उडवत पुढे गेली.